जुनी पायथॉन स्क्रिप्ट नव्या पीसीवर इन्स्टॉलच होईना, रिक्वायरमेंट्स फाईलचं करायचं काय?

अंबड_लिंक_रोड

नमस्कार मंडळी. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्यूसीला आहे. प्रोग्रामर नाही, पण पायथॉन वाचून कळतं आणि थोडंफार लिहिता येतं. आमच्याकडे एक स्क्रिप्ट आहे, आधीच्या पोराने लिहिलेली (तो गेला पुण्याला), ती डिजिटल गेजवरून सिरीयल केबलने रीडिंग घेते, एक्सेलमध्ये टाकते आणि शिफ्ट संपली की रिपोर्ट काढते. जुना पीसी शेवटच्या घटका मोजतोय म्हणून मालकांनी नवा घेतला, त्यावर पायथॉन ३.१३ टाकलं, पिपला (पायथॉनची पॅकेजं टाकणारं अवजार) ती रिक्वायरमेंट्स फाईल, म्हणजे लागणाऱ्या पॅकेजांची यादी, दिली तर त्यातल्या नंपाय १.२१ या पॅकेजवर गाडी अडकली, पानभर लाल एरर आणि शेवटी पीकेजीयूटिलमध्ये इम्पइम्पोर्टर नाही असलं कायतरी. फाईलमध्ये ओळी बघितल्या तर ही लांबच लांब यादी, त्यात जुपिटर आहे, मॅटप्लॉटलिब आहे, स्क्रिप्टमध्ये तर त्यांचा पत्ता नाही. शेवटी वैतागून सगळे व्हर्जन नंबर उडवले आणि लेटेस्ट घेतलं. इन्स्टॉल झालं एकदाचं, पण आता स्क्रिप्ट म्हणते डेटाफ्रेमला, म्हणजे पांडाज पॅकेजच्या टेबलला, अपेंड नावाचं काही नाही.

वरून शॉप फ्लोअरच्या पीसीला नेट द्यायचं नाही हा मालकांचा नियम. म्हणजे जे काय असेल ते पेनड्राईव्हवरून. जुनंच पायथॉन शोधून टाकू का? की कोड बदलू? काहीच सुचेना.

रामकुंड_एक्सप्रेस

त्या पुण्याच्या पोराला मिसळ खायला बोलवा, येताना लॅपटॉप आण म्हणावं.

सिडकोचा_पायथॉनवाला

एररचा अर्थ आधी सांगतो म्हणजे घाबरायला नको. नंपाय १.२१ ची तयार व्हील फाईल (आधीच कंपाईल केलेलं पॅकेज) पायथॉन ३.७ ते ३.१० साठीच आहे. ३.१३ साठी मिळाली नाही की पिप म्हणतं बरं, मग सोर्स कोडवरून बांधतो, आणि त्या बांधकामासाठी नंपायने त्या काळचं जुनं सेटअपटूल्स हे बांधणीचं पॅकेज मागितलेलं असतं. ते जुनं सेटअपटूल्स ज्या इम्पइम्पोर्टरला हाक मारतं तो पायथॉन ३.१२ मधून काढून टाकलाय. म्हणून ती बोंब. नंपाय बिघडलेलं नाही, तुझा पीसी पण नाही, फक्त दोघांच्या काळात अंतर पडलंय.

शॉर्टकट पाहिजे तर पायथॉन ३.१० टाक, जुनी फाईल जशीच्या तशी चालव, काम भागेल. घरी जा, जेव, झोप.

कोडवाली_काकू

शॉर्टकट चालेल, पण मग दोन वर्षांनी हाच धागा वर येईल. अंबडवाल्या, तुझी खरी अडचण ती फाईल आहे. त्या मुलाने काय केलं असणार ते सांगते: मशीनवर एकच पायथॉन, त्यात जे जे कधी शिकायला, गंमत म्हणून टाकलं ते सगळं, आणि जाताना पिप फ्रीझ मारून जे बाहेर पडलं ते फाईलमध्ये ओतलं. पिप फ्रीझ हे सांगतं की या क्षणाला इथे काय काय पडलंय. कोणतं पॅकेज स्क्रिप्टला लागतं, कोणतं दुसऱ्या पॅकेजच्या मागून आलं आणि कोणतं उगाच राहिलंय, हा भेद त्याला माहीतच नसतो. तू नंबर उडवलेस तेव्हा उलट झालं, काय हवं ते राहिलं पण कुठलं हवं ते गेलं.

तुझ्या अपेंडचं म्हणशील तर ते पांडाजने १.४ मध्ये, म्हणजे २०२२ च्या सुरुवातीला, जाणार आहे म्हणून जाहीर केलं आणि एप्रिल २०२३ मध्ये २.० आलं तेव्हा काढून टाकलं. मधल्या व्हर्जनांमध्ये चालायचं पण पिवळी वॉर्निंग द्यायचं. तू फाईलमधल्या जुन्या व्हर्जनवरून थेट शेवटच्यावर उडी मारलीस त्यामुळे वॉर्निंगचा टप्पा तुला दिसलाच नाही. असं उडी मारणं टाळावं. १.५.३ ही एकच्या घरातली शेवटची, तिथे थांब, स्क्रिप्ट चालव, ज्या वॉर्निंग येतील त्या एकेक करून मिटव, मग दोनवर जा.

आत्ता एवढं कर. स्क्रिप्ट उघड, वरचे इम्पोर्ट बघ, पायथॉनसोबत येणारे सोडून बाहेरचे किती ते इथे टाक. पायथॉन ३.११ घे, पांडाज १.५.३ ची व्हील त्याच्यासाठी आहे. विंडोजचा तयार इन्स्टॉलर ३.११.९ चाच शेवटचा, त्यापुढच्या ३.११ फक्त सोर्स म्हणून येतात, तेव्हा ३.११.१२ चा इन्स्टॉलर शोधत बसू नकोस. आणि नवीन व्हेन्व (फक्त या कामापुरतं वेगळं पायथॉन एन्व्हायर्नमेंट) करून त्यातच सगळं कर, मेन पायथॉनमध्ये काही टाकू नको.

अंबड_लिंक_रोड

काकू खरंच आभार. बाहेरचे इम्पोर्ट निघाले फक्त तीन! पांडाज, एक्सएलआरडी आणि सिरीयल. एवढ्यासाठी ती यादी होती होय.

व्हेन्व केला, तिन्ही टाकले, आता नवीनच. सिरीयल मॉड्यूलमध्ये सिरीयल नावाचं काही नाही म्हणतो. अरे मग काय आहे त्यात??

सिडकोचा_पायथॉनवाला

हाहा, यात सगळेच सापडतात. इम्पोर्ट करताना नाव सिरीयल, पण पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजं आणतं ते भांडार) पॅकेजचं नाव पायसिरीयल. सिरीयल नावाचं जे पॅकेज आहे ते भलतंच, डेटा जेसन-यामलमध्ये बदलायचं, केबलशी त्याचा संबंध नाही. दोन्ही एकाच नावाच्या फोल्डरमध्ये घुसतात त्यामुळे वरून पायसिरीयल टाकून उपयोग नाही, आधी दोन्ही अनइन्स्टॉल कर, मग एकटं पायसिरीयल टाक.

अशा जोड्या भरपूर आहेत. इम्पोर्ट सीव्ही२ पण पॅकेज ओपनसीव्ही-पायथॉन, इम्पोर्ट पीआयएल पण पॅकेज पिलो, इम्पोर्ट यामल पण पॅकेज पाययामल.

कोडवाली_काकू

याच फटीत चोर शिरतात हे पण लक्षात ठेव. प्रसिद्ध पॅकेजच्या नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे करून पायपीआय किंवा एनपीएमवर (जावास्क्रिप्टचं तसंच भांडार) टाकून ठेवतात, कोणी घाईत चुकीचं टाईप केलं की यांचा कोड त्याच्या मशीनवर. आणि आता एआयला विचारून कोड लिहितात, तो कधीकधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव छातीठोकपणे देतो, मग तेच नाव कोणीतरी मुद्दाम रजिस्टर करून ठेवतो. अनोळखी नाव दिसलं की टाकण्याआधी पायपीआयचं पान उघडून बघायचं, कोणाचं आहे, कधीपासून आहे, कोडची लिंक कुठे जाते. पाच मिनिटं लागतात.

एक्सएलआरडीचं पण सांगून ठेवते, पुढची ठेच तिथेच लागेल. डिसेंबर २०२० मध्ये त्याचं २.० आलं आणि त्यांनी एक्सएलएसएक्स वाचणं बंद केलं, आता फक्त जुनी एक्सएलएस वाचतं. तुमच्या फाईली एक्सएलएसएक्स असतील तर त्याच्या जागी ओपनपायएक्सएल टाक.

अंबड_लिंक_रोड

सिरीयल सुटलं! ओपनपायएक्सएल पण टाकलं. फाईलमध्ये पांडाज बरोबर-बरोबर १.५.३ लिहिलं, बाकी दोघांना पण नंबर दिले. आणि आता पांडाज इम्पोर्ट करतानाच पडतंय, नंपाय डीटाईप साईज चेंज्ड, बायनरी इनकम्पॅटिबिलिटी, ९६ अपेक्षित होते ८८ मिळाले. नंपाय तर मी टाकलंच नाही हो. डोकं फिरलं आता.

कोडवाली_काकू

उत्तम, मला हेच दाखवायचं होतं, तू आपणहून तिथे पोचलास.

नंपाय तू मागितलं नाहीस, पांडाजने मागितलं. पांडाज १.५.३ च्या माहितीत लिहिलंय की पायथॉन ३.११ वर नंपाय १.२३.२ किंवा त्यापुढचं चालेल. वरची हद्द लिहिलेली नाही, कारण जानेवारी २०२३ मध्ये ते बाहेर पडलं तेव्हा नंपाय २ होतंच कुठे? ते जून २०२४ मध्ये आलं. त्यात आतली सी ची रचना बदलली, म्हणजे जुन्या नंपायवर कंपाईल केलेलं पांडाज नव्या नंपायसमोर बसवलं की मापं जुळत नाहीत, तुझे ९६ आणि ८८ म्हणजे तेच. पिपने काहीच नियम मोडला नाही. नियमात बसणारं सगळ्यात नवीन आणलं.

म्हणजे तू वरच्या तिघांना बांधलंस पण त्यांच्या मागून येणारे, म्हणजे त्यांच्या डिपेंडन्सी, मोकळे राहिले, आणि कुठल्या दिवशी इन्स्टॉल केलं त्यावर काय येईल ते ठरलं. त्या मुलाच्या फ्रीझने सगळ्यांना बांधलं होतं पण मूळ मागणी काय ते हरवलं होतं. दोन्ही वेगवेगळ्या फाईली पाहिजेत. एक तू हाताने लिहायची, तिला रिक्वायरमेंट्स.इन म्हणतात, तीन-चार ओळी, आणि जिथे हद्द घातलीस तिथे शेजारी कारण लिहायचं:

पांडाज १.५.३
नंपाय २ पेक्षा कमी # पांडाज दोनवर गेलं की ही ओळ काढा
ओपनपायएक्सएल
पायसिरीयल

दुसरी फाईल हाताने लिहायचीच नाही. पिप-टूल्स नावाचं पॅकेज आहे, त्यातलं पिप-कंपाईल ही इन फाईल वाचून रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी बनवतं, त्यात पायटीझेड, सिक्स, पायथॉन-डेटयुटिल सगळे नंबरासकट येतात आणि प्रत्येकाखाली शेरा असतो की हा कोणामुळे आला. तू पायटीझेड कुठून आलं म्हणून डोकं खाजवणार नाहीस, खाली लिहिलेलंच असतं, पांडाजमुळे. मशीनवर इन्स्टॉल करायचं ते या दुसऱ्या फाईलवरून, बदल करायचा तो पहिलीत, आणि दोन्ही गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणारं अवजार) ठेवायच्या.

नोडवेडा

जावास्क्रिप्टवाले हे केव्हापासून करतायत, तुमच्याकडे आत्ता पोचलं वाटतं 😄 पॅकेज.जेसन म्हणजे मागणी, पॅकेज-लॉक.जेसन म्हणजे प्रत्यक्ष काय आलं, २०१७ ला एनपीएम ५ पासून आपोआप बनते.

सिडकोचा_पायथॉनवाला

हो आणि तुमच्यातले निम्मे लोक ती लॉक फाईल गिटइग्नोअरमध्ये टाकतात, म्हणजे गिटमध्ये ठेवतच नाहीत, ते पण सांगा.

नोडवेडा

ते मान्य, आमच्याकडे कॉलेज रोडला एक पोरगा रोज ती डिलीट करून पुन्हा एनपीएम इन्स्टॉल मारतो आणि मग माझ्याकडे चालतं तुझ्याकडे का नाही म्हणून भांडतो. त्याला सांगून सांगून थकलो की सर्व्हरवर एनपीएम सीआय वापर, ते नोड मॉड्यूल्स (आलेल्या पॅकेजांचं फोल्डर) आधी पुसतं, फक्त लॉकमध्ये आहे तेच टाकतं आणि पॅकेज.जेसनशी जुळलं नाही तर सरळ थांबतं.

एक फरक मात्र आहे बरं का. आमच्याकडे दोन पॅकेजना तिसऱ्याच्या वेगवेगळ्या व्हर्जन लागल्या तर एनपीएम दोन्ही ठेवतं, एक वर आणि एक आत त्या पॅकेजच्या पोटात, म्हणून नोड मॉड्यूल्स एवढं फुगतं. पायथॉनमध्ये एका एन्व्हायर्नमेंटमध्ये एका पॅकेजची एकच व्हर्जन. दोघं हटून बसले की संध्याकाळचं द्वारका सर्कल, कोणीच मागे घेत नाही आणि मागचे सगळे अडकले.

सिडकोचा_पायथॉनवाला

बरोबर, आणि पिप आधी त्यासाठी थांबायचंच नाही, एकाला चिरडून पुढे जायचं. नोव्हेंबर २०२० च्या २०.३ पासून नवीन रिझॉल्व्हर (व्हर्जन जुळवणारा भाग) आला तेव्हापासून जुळत नसेल तर स्पष्ट सांगतं. कोण कोणाला आणतंय ते झाडासारखं बघायचं तर पिपडेपट्री टाकून बघा. पिप-टूल्सऐवजी यूव्ही पण घेता येईल, २०२४ मध्ये आलं, रस्टमध्ये लिहिलंय, तीच इन आणि टीएक्सटीची पद्धत त्यातही आहे आणि वेग बघून हसू येतं. पायथॉन पण तेच आणून देतं.

पीएलसी_वाले_नाना

एक विचारू का? मी सातपूरला मशीनी सांभाळतोय, तुम्ही सगळी मंडळी हुशार आहात, पण जे चालतंय त्याला हात लावायचाच कशाला? आमच्याकडे विंडोज ७ चा पीसी आहे, नेट नाही, त्यावरचं सॉफ्टवेअर कोणी अपडेट केलेलं नाही आणि मशीन रोज पार्ट काढते. तुमचं हे अपडेट अपडेट म्हणजे पोटापाण्याच्या मागे लागल्यासारखं वाटतं.

कोडवाली_काकू

नाना, तुमचं अर्धं मला पटतं. नेट नसलेल्या, एकच काम करणाऱ्या मशीनवर रोज नवीन आणायची काहीच गरज नाही. २०१६ च्या मार्चमध्ये लेफ्ट-पॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरच्या प्रोजेक्टचे बिल्ड आडवे झाले. २०२२ च्या जानेवारीत कलर्स नावाच्या पॅकेजच्या मालकानेच नवीन व्हर्जनमध्ये कधीच न संपणारा लूप घालून ठेवला. तेव्हा व्हर्जन बांधून ठेवलेले लोक शांत झोपले.

पण नेटवर असलेल्या गोष्टीचं उलट आहे. डिसेंबर २०२१ ला लॉगफोरजे या जावाच्या पॅकेजमधलं सुरक्षेचं भोक उघडं पडलं तेव्हा पहिला प्रश्न हाच होता की आपल्याकडे ते आहे का आणि कुठलं आहे. ज्यांनी कुठे लिहूनच ठेवलं नव्हतं ते शोधत बसले. अपडेट करा न करा, काय आहे ते माहीत पाहिजे.

आणि तुमचा तो विंडोज ७ चा पीसी उद्या बंद पडला तर? त्यावर पायथॉन ३.८ च्या पुढचं चालत नाही, ३.८ साठी पांडाज २.०.३ आणि नंपाय १.२४.४ इथे रस्ता संपतो. चालू आहे तोवरच त्यातली यादी आणि इन्स्टॉलर बाहेर काढून ठेवा एवढंच म्हणते.

पीएलसी_वाले_नाना

हे मात्र करायला पाहिजे. त्याच्या हार्ड डिस्कचा आवाज मलाही आवडत नाही हल्ली.

सिडकोचा_पायथॉनवाला

अंबडवाले, आता पेनड्राईव्हचं. नेट असलेल्या विंडोज लॅपटॉपवर तेच ३.११, ६४ बिट, टाका आणि पिप डाऊनलोडला टीएक्सटी फाईल द्या, डॅश डी करून एक फोल्डर द्या, आणि ओन्ली-बायनरीचा फ्लॅग लावून ऑल म्हणा म्हणजे सोर्स उचलणारच नाही, व्हील नसेल तर तिथेच ओरडेल, शॉप फ्लोअरवर जाऊन कळण्यापेक्षा बरं. आलेल्या फाईलींची नावं वाचा. नावात सीपी३११ आणि विन_एएमडी६४ दिसलं तर ती फक्त त्याच पायथॉन-विंडोजवर चालेल, पाय३-नन-एनी असेल तर कुठेही. लॅपटॉप लिनक्स असेल तर पिप डाऊनलोडलाच प्लॅटफॉर्म आणि पायथॉन व्हर्जन सांगता येते.

मग तिकडे पिप इन्स्टॉल करताना नो-इंडेक्स आणि फाईंड-लिंक्सला तो फोल्डर, म्हणजे नेटकडे बघणारच नाही. व्हेन्वचं फोल्डर उचलून कॉपी करू नका, त्यात पाथ पक्के लिहिलेले असतात, दुसऱ्या मशीनवर तो तिथेच बनवायचा.

द्राक्षबाग_निफाड

मध्येच घुसतो, माफ करा. आमच्या बागेत रास्पबेरी पाय (छोटा कॉम्प्युटर) लावलाय, पानांवरची ओल आणि तापमान नोंदवायला, डाऊनी रोगाचा अंदाज येतो. कार्डावर नवीन ओएस टाकली आणि आता पिप काहीच टाकू देत नाही, एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट म्हणतं. नेटवर एकाने ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस लिहा म्हणून सांगितलं, नावच असलं की हिंमत होईना. छाटणी तोंडावर आलीय, लवकर सांगा.

कोडवाली_काकू

दादा, हिंमत झाली नाही तेच बरं. डेबियन १२ पासून, म्हणजे रास्पबेरीच्या बुकवर्मपासून, सिस्टीमचं पायथॉन एपीटीच्या (ओएसचं स्वतःचं पॅकेज टाकणारं अवजार) ताब्यात असतं, त्यात पिपने ढवळाढवळ केली तर ओएसचीच अवजारं बिघडू शकतात म्हणून तो अडवतो. व्हेन्व बनवा. कॅमेरा वगैरेची पॅकेजं एपीटीने आलेली असतील तर व्हेन्व बनवतानाच सिस्टीम-साईट-पॅकेजेसचा पर्याय द्या म्हणजे ती पण दिसतील. आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी सोय) नुसतं पायथॉन लिहू नका, व्हेन्वच्या बिन फोल्डरमधल्या पायथॉनचा पूर्ण पाथ लिहा, ॲक्टिव्हेट करायची गरज नाही.

द्राक्षबाग_निफाड

क्रॉनचंच अडलं होतं, हाताने चालवलं की चालायचं आणि रात्री नाही. झालं. ताई, पेटी पाठवतो सीझनला.

रामकुंड_एक्सप्रेस

पेटी आली की धाग्यावर कळवा, आम्ही पण डिपेंडन्सी आहोत.

अंबड_लिंक_रोड

अपडेट देतो. इन फाईल चार ओळींची, टीएक्सटी तयार झाली, व्हील फोल्डर पेनड्राईव्हवर, शॉप फ्लोअरवर नेट न लावता सगळं एका झटक्यात बसलं. अपेंडच्या जागी सगळी रीडिंग आधी लिस्टमध्ये जमवतो आणि शेवटी एकदाच डेटाफ्रेम बनवतो, रिपोर्ट आधीपेक्षा पटकन निघतो. पण आता स्क्रिप्ट म्हणते कॉम३ सापडत नाही. हे पण कुठल्या पॅकेजचं का?

सिडकोचा_पायथॉनवाला

नाही, ही पिपला न दिसणारी डिपेंडन्सी. यूएसबी टू सिरीयलची वायर नव्या पीसीवर दुसऱ्या नंबरला बसली असेल. व्हेन्वमधून पायथॉन डॅश एम सिरीयल.टूल्स.लिस्ट_पोर्ट्स चालव, कुठला पोर्ट आहे ते दिसेल. काहीच दिसलं नाही तर ड्रायव्हर टाकलेला नाही. नंबर डिव्हाईस मॅनेजरमध्ये पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमधून कॉम३ करता येतो, पण त्यापेक्षा स्क्रिप्टमधून काढून वेगळ्या सेटिंग फाईलमध्ये घे.

अंबड_लिंक_रोड

ड्रायव्हरच नव्हता. जुन्या पीसीच्या डाऊनलोड फोल्डरमध्ये त्याची सेटअप फाईल सापडली, ती, पायथॉनचा इन्स्टॉलर आणि व्हील्स सगळं एकाच फोल्डरमध्ये टाकलं, त्याची एक कॉपी मालकांच्या कपाटात. पोर्ट कॉम५ निघाला. रीडिंग येतायत.